अंमली पदार्थ बाळगण्याची शिक्षा घटवली तर कारागृहात किती जागा सुटतात? सातारा-सांगलीचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे: अंमली पदार्थ स्वतःपुरते जवळ बाळगण्याची शिक्षा कायद्यात कमी केली, तर सातारा किंवा सांगलीच्या जिल्हा कारागृहातली गर्दी किती उतरेल आणि बाहेर राहिलेल्यांवर देखरेख ठेवण्याचं काम किती वाढेल? कॅलिफोर्नियात २०१४ नंतर तुरुंग मोकळे झाले, मग इथे का होऊ नयेत, असा त्यामागचा सूर असतो.

उत्तर आधीच सांगून टाकतो. नुसती शिक्षा घटवली तर इथे बोटांवर मोजण्याइतक्या जागा सुटतील. 'स्मॉल'चा, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या अल्प प्रमाणात माल सापडलेला आरोपी इथे शिक्षा भोगायला आत नसतोच, तो जामिनाची वाट बघत आत असतो. गर्दीला हात घालायचा असेल तर शिक्षेच्या वर्षांपेक्षा तीन गोष्टी बघाव्या लागतात: अटक होते का, जामीनदार मिळायला किती दिवस जातात आणि वजनाची रेषा कुठे आखली आहे.

सगळा हिशेब एका ओळीचा आहे. एखाद्या दिवशी आत असलेली सरासरी माणसं म्हणजे वर्षभरात आत आलेली माणसं गुणिले प्रत्येकाचे सरासरी दिवस, भागिले ३६५. आता आकडे धरू, निव्वळ हिशेबासाठी. वर्षात स्मॉलचे १२० आरोपी आत आले आणि सरासरी १२ दिवस राहिले, तर त्यांनी व्यापलेल्या जागा जेमतेम ४. मधल्या प्रमाणाचे ४० आरोपी सरासरी १२० दिवस राहिले, तर जागा १३. कमर्शियलचे, म्हणजे मोठ्या, व्यापारी प्रमाणाचे फक्त १५ आरोपी, पण सरासरी ९०० दिवस, म्हणजे ३७ जागा. गुन्ह्यांच्या संख्येत स्मॉल सगळ्यात मोठा, बराकीत सगळ्यात छोटा. स्मॉलची शिक्षा उद्या शून्यावर आणली तरी या उदाहरणात ५४ पैकी ४ जागा सुटतात, त्याहून जास्त नाही.

म्हणूनच गुन्ह्यांची आकडेवारी बघून कारागृहाचा अंदाज बांधणारे हमखास फसतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत महाराष्ट्रात एनडीपीएसचे, म्हणजे अंमली पदार्थविरोधी कायद्याखालचे, तेरा हजारांहून अधिक गुन्हे दिसतात. आकडा डोळ्यांत भरतो, पण त्यात चिलीम ओढताना सापडलेल्यांवरच्या केसेसचा भरणा मोठा आहे. उलट चूकही तितकीच सहज होते. आज बराकीत जाऊन डोकी मोजली तर जास्त दिवस राहणारे जास्त दिसतात आणि चार दिवसांत सुटणारे दिसतच नाहीत. त्यामुळे आवक आणि मुक्काम या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात.

आता कायदा. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात २००१ च्या दुरुस्तीपासून शिक्षा वजनावर ठरते. गांज्यात १ किलोच्या आत स्मॉल, २० किलोच्या वर कमर्शियल, मधलं ते मधलं. चरसला १०० ग्रॅम आणि १ किलो, हेरॉइनला ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम, एमडी म्हणजे मेफेड्रोनला २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. स्मॉलला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे एक वर्ष २०१४ च्या दुरुस्तीतून आलं, त्याआधी सहा महिने होते. म्हणजे आपल्याकडे शेवटचा बदल वाढीचाच आहे. मधल्याला दहा वर्षांपर्यंत, पण किमान काही नाही. कमर्शियलला किमान दहा, कमाल वीस. नुसत्या सेवनाला कलम २७ आहे: कोकेन, मॉर्फिन, हेरॉइन यांना एक वर्षापर्यंत, बाकीच्यांना सहा महिन्यांपर्यंत.

गंमत स्मॉलच्या व्याख्येत आहे. ठरवून दिलेल्या प्रमाणा'पेक्षा कमी' ते स्मॉल. म्हणजे बरोबर १००० ग्रॅम गांजा स्मॉलमध्ये बसत नाही. पंचनाम्यात काट्यावर पिशवीसकट १०२० ग्रॅम भरलं आणि पिशवीचं ४० ग्रॅम वजा करायचं राहिलं, तर तोच माणूस एक वर्षाच्या कलमातून दहा वर्षांच्या कलमात जातो. खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून विशेष न्यायालयात जातो, आणि मुक्काम बारा दिवसांवरून काही महिन्यांवर. गांज्याच्या व्याख्येत फुलं-फळं आलेले शेंडे येतात. शेंड्यांशिवायची सुटी पानं आणि बिया येत नाहीत. पण मुद्देमाल उचलताना देठ, पानं, माती सगळं एकाच पोत्यात भरून वजन होतं, आणि वाद नंतर जामिनाच्या अर्जात सुरू होतो. ओल्या झाडाचं वजन सुकल्यावर कमी भरतं, ते आणखी वेगळं.

एमडीत याहून वाईट परिस्थिती आहे. त्यात भेसळ ठरलेली असते. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की शुद्ध अंश धरावा. २००९ च्या अधिसूचनेने संपूर्ण मिश्रणाचं वजन धरायचं ठरवलं, आणि २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तेच कायम केलं. तीन मित्रांनी मिळून घेतलेली तीन ग्रॅमची पुडी एकाच्या खिशात सापडली की ती थेट मधल्या प्रमाणात बसते. पंख्याखाली बसून ओढणारा आणि महामार्गावरच्या ढाब्याबाहेर विकणारा, दोघांची कलमं एकच. म्हणून 'स्मॉलची शिक्षा कमी करा' ही सुधारणा एमडीच्या गिऱ्हाइकापर्यंत फारशी पोचत नाही. त्याच्यासाठी २ ग्रॅमची रेषा हलवावी लागेल. वरच्या उदाहरणात मधल्या ४० पैकी १० जण रेषा सरकल्यामुळे स्मॉलमध्ये आले आणि त्यांचा मुक्काम १२० वरून १२ दिवसांवर आला, तर जवळपास ३ जागा सुटतात. सगळ्या १२० जणांची शिक्षा शून्य करून ४ सुटत होत्या. इथे फक्त दहा माणसं हलवून ३ सुटल्या.

या जिल्ह्यांचा आणखी एक खास प्रकार: उसाच्या फडात किंवा हळदीच्या वाफ्यात लावलेली गांज्याची झाडं. हा 'बाळगणे' नाही, 'लागवड' आहे. कलम २०(अ) मध्ये वजनाची पायरीच नाही. पाच झाडं असोत वा पाचशे, दहा वर्षांपर्यंत. बाळगण्याच्या शिक्षेत कितीही सूट दिली तरी या शेतकऱ्याला तिचा उपयोग नाही. आणि २०२४ मध्ये कुपवाडला आणि कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत जे एमडीचे साठे सापडले, ते कमर्शियलच्याही कितीतरी वर. पेपरात ज्या बातम्या येतात त्यांचा या सुधारणेशी संबंध नाही, आणि सुधारणेचा ज्यांच्याशी संबंध आहे त्यांची बातमी होत नाही.

आता अटक ते सुटका हे दिवस जवळून बघू, कारण स्मॉलचे सगळे दिवस इथेच जातात. स्मॉल जामीनपात्र आहे का, यावर महाराष्ट्रात बरीच वर्षं दोन मतं होती. ७ ऑक्टोबर २०२० ला रिया चक्रवर्ती प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की एनडीपीएसचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र. कलम ३७ मधल्या जामिनाच्या कडक अटी स्मॉलला लागू नाहीत, पण ठाणे अंमलदाराला ठाण्यातूनच जामिनावर सोडता येत नाही. मग क्रम असा लागतो: चोवीस तासांत न्यायालयापुढे, कधी एक-दोन दिवस पोलीस कोठडी, मग एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, मग जामिनाचा अर्ज, त्यावर सरकारी पक्षाचा 'से' म्हणजे लेखी म्हणणं, मग आदेश. शुक्रवारी संध्याकाळी अटक झाली आणि पुढे जोडून सुट्ट्या आल्या, तर अर्जावर 'से' यायलाच मंगळवार-बुधवार उजाडतो.

आदेश झाला की खरी अडचण सुरू होते: जामीनदार. पंधरा-वीस हजारांचा एक सक्षम जामीनदार, त्याचा सातबारा किंवा घरपट्टीची पावती, कधी तहसीलदारांचा सॉल्व्हन्सी म्हणजे ऐपतीचा दाखला. विट्याच्या माणसाला सांगलीत जामीनदार मिळतो. बीडहून आलेल्या ऊसतोड कामगाराला किंवा मिरज जंक्शनवर उतरलेल्या परप्रांतीय मजुराला कोण उभा राहणार? इथे वकिलाने पहिल्याच अर्जात काही आठवड्यांसाठी तात्पुरता रोख जामीन किंवा जातमुचलका, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर सुटका, मागायला हवा. तो मागितला नाही तर आदेश हातात असूनही माणूस आत राहतो. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला यावर नियम घालून दिले: जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, महिनाभरात बंधपत्र भरलं गेलं नाही तर अटी सैल कराव्यात का, हे न्यायालयाने आपणहून बघायचं. केंद्राच्या २०२३ च्या गरीब कैदी योजनेत जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत मदत ठेवली होती, पण एनडीपीएसचे आरोपी त्यातून वगळले. पाचशे ग्रॅमवाल्याला आणि पाचशे किलोवाल्याला एकाच ओळीत उभं करून वगळलं, हे मला अजून पटलेलं नाही.

शेवटचा टप्पा, सुटकेचा आदेश कारागृहाच्या दारातल्या पेटीत वेळेत पडणं. पेटी उघडण्याची ठरलेली वेळ टळली की एक रात्र आणखी. शंभर माणसांची प्रत्येकी एक रात्र म्हणजे वर्षाकाठी शंभर बंदी-दिवस, आणि ते कुठल्याही कायद्याच्या दुरुस्तीशिवाय वाचू शकतात.

मग शिक्षा घटवण्याचा काहीच परिणाम नाही का? आहे, पण तो आडवाटेने येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बंधपत्रावर सोडायचं. कमाल एक वर्ष असेल तर चार महिने. ती तीन महिन्यांवर आणली तर एकच महिना. म्हणजे जामीनदार नसलेल्या, विसरल्या गेलेल्या माणसाच्या मुक्कामावर एक छत बसतं आणि शिक्षा घटली की ते खाली येतं. आतल्या लांब मुक्कामाचे हेच मोजके लोक स्मॉलची सरासरी वर ओढतात, त्यामुळे फरक त्यांच्यात दिसतो. पण एकापेक्षा जास्त खटले प्रलंबित असतील तर कलम ४७९ चा हा फायदा मिळत नाही, आणि पुन्हापुन्हा सापडणारा व्यसनी माणूस नेमका तिथेच अडकतो.

दुसरी आडवाट अटकेची. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक गरजेची का, हे पोलिसांना लेखी नोंदवावं लागतं, नाहीतर त्याच संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देऊन माणसाला घरी पाठवायचं. २०१४ च्या अर्नेशकुमार निकालापासून हे ठाम आहे, आणि स्मॉल त्यात बसतो. शिक्षा घटली की 'अटक का केली?' हा प्रश्न न्यायालय जास्त कडकपणे विचारतं. १२० पैकी ७० जणांना नोटिशीवर सोडलं तर आवकच ५० वर येते. माझ्या मते सातारा-सांगलीत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात पटकन लागू होणारा उपाय हाच, आणि त्यासाठी विधेयक लागत नाही.

'तुरुंग काढून टाका, फक्त दंड ठेवा' म्हणणाऱ्यांनी एक खड्डा बघून ठेवावा. दंड भरला नाही तर काय? भारतीय न्याय संहितेच्या कलम ८ प्रमाणे निव्वळ दंडाच्या गुन्ह्यात दंड थकला तर पाच हजारांपर्यंतच्या दंडाला दोन महिने, दहा हजारांपर्यंतच्याला चार महिने साधी कैद होऊ शकते. स्मॉलमध्ये आज बारा दिवसांत सुटणारा माणूस उद्या दहा हजारांचा दंड न भरल्याने चार महिने आत जाईल. दुरुस्तीच्या मसुद्यात 'दंड न भरल्यास कैद नाही, हप्ते किंवा समाजसेवा' हे वाक्य स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर गर्दी वाढू शकते.

आपल्याकडे शिक्षा घटवण्याचा मोठा प्रयोग एकदा झालेला आहे. २ ऑक्टोबर २००१ च्या आधी बहुतेक पदार्थांत वजन कितीही असो, किमान दहा वर्षं होती. नुसत्या सेवनापुरतं असल्याचं आरोपीने सिद्ध केलं तरच सूट. दुरुस्तीने पायऱ्या आणल्या. पण तिचा लाभ प्रलंबित खटल्यांना मिळाला, प्रलंबित अपिलांना नाही. २००४ मध्ये बशीर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद वैध ठरवला. एकाच दिवशी पकडलेले दोघे, एकाचा खटला रेंगाळला म्हणून तो नव्या कायद्यात, दुसऱ्याचा लवकर निकाली निघाला म्हणून जुन्या दहा वर्षांत. अंदाज बांधताना 'मागील प्रभावाने लागू की पुढे?' हा प्रश्न पहिल्या पानावर हवा. पुढे लागू असेल तर घट हळूहळू येते, जुनी माणसं सुटतील तशी. मागील प्रभाव असेल तर एकदम.

कॅलिफोर्नियातली घट एकदम आली ती म्हणूनच. नोव्हेंबर २०१४ च्या प्रपोझिशन ४७ ने, म्हणजे मतदारांनी थेट मंजूर केलेल्या कायद्याने, बाळगणं आणि ९५० डॉलरपर्यंतच्या किरकोळ चोऱ्या खालच्या दर्जाचे गुन्हे केले, आणि आधीच आत असलेल्यांना शिक्षा कमी करून घेण्यासाठी अर्ज करायची मुभा दिली. राज्याच्या तुरुंगांवर न्यायालयाने क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांची मर्यादा घातली होती; २०१५ च्या सुरुवातीलाच संख्या तिच्या खाली गेली. तिथे शिक्षा झालेले लोक आत होते, म्हणून शिक्षेला हात लावल्यावर जागा सुटल्या. काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कोठड्यांत फरक पडला तो मात्र पोलीस आता कागद देऊन माणसाला सोडू लागले म्हणून, म्हणजे आपल्या नोटिशीसारखाच मार्ग. ओक्लाहोमानेही २०१७ पासून बाळगणं खालच्या दर्जात आणलं. आधीच्या कैद्यांना लाभ देणारा वेगळा कायदा २०१९ मध्ये केला, तेव्हा ४ नोव्हेंबरला एका दिवसात ४६२ जण बाहेर पडले. ऑरेगनने फेब्रुवारी २०२१ पासून फक्त शंभर डॉलरचा दंड ठेवला, आणि हेल्पलाइनला फोन करून तपासणी करून घेतली की तोही माफ. फोन फार थोड्यांनी केले. १ सप्टेंबर २०२४ पासून तिथे तो पुन्हा गुन्हा आहे. कॅलिफोर्नियानेही २०२४ च्या प्रपोझिशन ३६ ने वारंवार सापडणाऱ्यांसाठी काही भाग परत फिरवला. पाच वर्षांचा अंदाज देणाऱ्याने कायदा उलटा फिरण्याची शक्यता एका ओळीत तरी लिहावी.

भारतात हे थेट लावता येत नाही, त्याचं कारण एका आकड्यात आहे. २०२२ अखेर देशातल्या ५,७३,२२० बंदींपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे ७५.८ टक्के. जिल्हा कारागृहांत तर मुख्यतः कच्चेच कैदी असतात. लांब शिक्षा लागली की माणूस कळंबा किंवा येरवड्याला जातो. म्हणजे सांगलीच्या न्यायालयात शिक्षा घटली तरी त्याची जागा सुटणार कोल्हापुरात किंवा पुण्यात. आटपाडीच्या खुल्या कारागृहाचा यात प्रश्नच येत नाही, तिथे शिक्षा झालेले निवडक कैदी असतात.

आता देखरेख. अमेरिकेत प्रोबेशन (कैदेऐवजी देखरेख) आणि पॅरोल (सुटल्यावरची देखरेख) यांची मोठी यंत्रणा आहे, त्यामुळे तिथे शिक्षा घटली की कामाचा बोजा एका खात्यातून दुसऱ्यात सरकतो. प्रपोझिशन ४७ मध्येच तरतूद होती की शिक्षा कमी होऊन सुटलेला माणूस, न्यायालयाने सूट दिली नाही तर, एक वर्ष पॅरोलवर राहील. तुरुंग रिकामा होताना पॅरोलचा आकडा काही काळ वाढला तो त्यामुळे. पोर्तुगालने २००१ मध्ये वेगळी वाट धरली: दहा दिवसांच्या वापराइतका साठा असेल तर माणूस न्यायालयात न जाता तिघांच्या समितीपुढे जातो. पण समित्या, दवाखाने आणि समुपदेशक त्यांनी सोबत उभे केले.

आपल्याकडे कागदावर तीन दारं आहेत. एनडीपीएसचं कलम ६४-अ: स्मॉलचा किंवा कलम २७ चा व्यसनी आरोपी सरकारी वा सरकारमान्य केंद्रात स्वतःहून उपचार घेत असेल तर खटल्यातून संरक्षण, उपचार अर्धवट सोडले तर संरक्षण काढून घेता येतं. कलम ३९: दोषी ठरल्यावर न्यायालय त्याला संमतीने उपचारासाठी बंधपत्रावर सोडतं, वर्षभरात अहवाल मागवतं, आणि ठीक वाटलं तर समज देऊन तीन वर्षांपर्यंतच्या बंधपत्रावर मोकळं करतं. तिसरं दार १९५८ चा परिवीक्षा म्हणजे प्रोबेशनचा कायदा, पण एनडीपीएसचं कलम ३३ ते जवळपास बंद करतं: आरोपी अठरा वर्षांखालचा हवा किंवा गुन्हा कलम २६-२७ चा हवा. पाचशे ग्रॅम गांजावाला, जो व्यसनी नाही पण पहिल्यांदाच सापडला, त्याला हे दार नाही. शिक्षा कमी करताना कलम ३३ तसंच ठेवलं तर न्यायाधीशाच्या हातात कैद आणि दंड यांच्यामधलं काहीच राहत नाही.

६४-अ इथे क्वचितच वापरलं जातं. अर्ज उशिरा येतो, बहुतेकदा साक्षी सुरू झाल्यावर. केंद्र 'मान्यताप्राप्त' आहे याचा कागद जोडलेला नसतो. गल्लोगल्ली निघालेल्या व्यसनमुक्ती केंद्रांचा दाखला चालत नाही. साताऱ्यात या कामाला जुनी परंपरा आहे, डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली 'परिवर्तन' ही संस्था इथलीच. तेव्हा जाणती माणसं आहेत, अडतं ते न्यायालय आणि केंद्र यांच्यामधल्या कागदावर. दाखल केल्याची तारीख, उपचाराचा आराखडा, हजेरी आणि पूर्ण झाल्याचा अहवाल एवढे चार कागद वेळच्या वेळी गेले तरी पुष्कळ केसेस इथेच संपतील.

देखरेखीचा बोजा तासांत मोजा, माणसांच्या संख्येत नको. जिल्हा परिवीक्षा अधिकारी महिला व बालविकास खात्याखाली काम करतात, त्यांच्याकडे बालन्यायाची कामं आधीच असतात. समजा ४० जण देखरेखीवर आले. महिन्याला प्रत्येकाची अर्धा तास भेट म्हणजे २० तास. तीन महिन्यांतून एकदा घरभेट धरली तर महिन्याला १३ भेटी. एकेक प्रवासासकट चार तासांची, म्हणजे ५२ तास. अहवाल आणि न्यायालयाच्या तारखा प्रत्येकी एक तास, म्हणजे ४०. एकूण ११२ तास, आणि महिन्याचे कामाचे तास साधारण १६०. एका अधिकाऱ्याचे दोन तृतीयांशाहून जास्त तास गेले. आणि घरभेटीचे चार तास हा शहराजवळचा हिशेब आहे. सांगलीहून जतच्या पूर्व भागात किंवा साताऱ्याहून पाटणच्या वरच्या वाड्यांवर जाऊन यायला अख्खा दिवस मोडतो.

प्रत्यक्षात इथली खरी देखरेख पोलीस ठाण्यातली हजेरी आहे: 'दर सोमवारी सकाळी दहा ते बारा'. ती कुठल्याच देखरेखीच्या आकडेवारीत येत नाही. पण तीच माणसाला परत आत आणते. रोजंदारी बुडते म्हणून तीन सोमवार चुकले, जामीन रद्दचा अर्ज. तारीख चुकली, अजामीनपात्र वॉरंट. या मार्गाने परत आलेल्याचा मुक्काम पहिल्यापेक्षा जास्त असतो, कारण दुसऱ्यांदा जामीनदार उभा राहत नाही. म्हणून अंदाजात 'परत येणारे' ही ओळ वेगळी हवी. शंभरांतले पंधरा परत आले आणि सरासरी ४० दिवस राहिले तर ६०० बंदी-दिवस. स्मॉलची सगळी बचत त्यात निम्म्यावर येऊ शकते.

शिक्षा घटली की गुन्हा नोंदवणाराही बदलतो, हे विसरू नये. कलम २९, म्हणजे कट आणि साहाय्य, हे जोडलं की गिऱ्हाईक विक्रेत्याच्या साठ्याला बांधलं जातं. चार जणांच्या पुड्या एकत्र तोलून एकच आकडा केला की सगळे मधल्या प्रमाणात. सहआरोपीच्या जबाबावर जोडलेली अशी नावं २०२० च्या तोफान सिंग निकालानंतर न्यायालयात टिकायला जड जातात, पण ती टिकत नाहीत हे कळेपर्यंत महिने आत जातात. त्यामुळे दुरुस्तीनंतर स्मॉलचे गुन्हे घटलेले दिसले, तर कलम २९ चे त्याच काळात वाढले का, हे लगेच तपासा.

पैशांबद्दल थोडंच. एका बंदीमागचा सरासरी खर्च गुणिले सुटलेल्या जागा, असं बचतीचं गणित मांडू नका. ४ बंदी कमी झाल्याने शिपाई कमी होत नाही, बराक बंद होत नाही. वाचतो तो शिधा, औषधं आणि न्यायालयात ने-आण करणाऱ्या पोलीस पार्टीचा खर्च. त्यातही क्षमतेपेक्षा जास्त भरलेल्या कारागृहात सुटलेली जागा दुसऱ्या गुन्ह्यातला कच्चा कैदी भरून टाकतो.

प्रत्यक्ष अंदाज बांधायचा असेल तर तीन ठिकाणचे कागद लागतात: पोलीस ठाण्यांकडून कलम आणि वजनासकट गुन्ह्यांची यादी, न्यायालयाकडून जामीन आदेशाच्या तारखा, कारागृहाकडून दाखल आणि सुटकेच्या तारखा. तिन्हीकडे मोजायचं एकक वेगळं आहे. पोलीस गुन्हे मोजतात, न्यायालय खटले, कारागृह आत दाखल झाल्याच्या नोंदी; एका गुन्ह्यात चार आरोपी असतील आणि त्यातला एक तीनदा आत आला असेल तर आकडे जुळणार नाहीत, आणि जुळवायला गेलात तर चुकाल. गुन्हा क्रमांक आणि आरोपीचं नाव धरून माणसागणिक एक ओळ करा. दुसरा गुन्हाही नोंद असलेले, म्हणजे चोरीत पकडला आणि खिशात गांजा सापडला असे, बाजूला काढा; त्यांना बाळगण्याची शिक्षा गेली तरी आतच राहायचं आहे. मुक्कामाची सरासरी काढताना मध्यकही, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधला येणारा आकडाही, काढा. सरासरी १२ आणि मध्यक ५ असेल तर गर्दी करणारे मूठभर आहेत, आणि ते बहुतेक जामीनदार नसलेले निघतील. वजनाच्या रकान्यात ९०० ते ११०० ग्रॅमच्या केसेस वेगळ्या रंगाने खुणावा आणि त्यांचे पंचनामे काढून पिशवीचं वजन वजा केलं आहे का ते बघा.

दुरुस्ती लागू झाल्यावर पहिले तीन महिने कुठलाही निष्कर्ष काढू नका. जुन्या कलमाचे लोक तेव्हा सुटत असतात आणि नव्याचे यायचे असतात. स्मॉलसाठी सहा महिन्यांनी, मधल्यासाठी दीड-दोन वर्षांनी मोजा. आणि तुलना करताना गाळप हंगामाची तुलना गाळप हंगामाशीच करा, कारण बाहेरगावचे आरोपी तेव्हा वाढतात आणि जामीनदाराचे दिवसही.